एका अर्जाची हकीकत

विलायतेच्या विद्यापीठांविषयीं लिहिण्याचा तुमचा अधिकार काय, असें कोणी विचारल्यास मला मुकाट्यानें मान खालीं घालावी लागेल. मी बी. ए. झालों तो याच जिल्ह्यांत, शिक्षणशास्त्राची पदवी घेतली ती पुण्यास, आणि समुद्र पाहिला तो मुंबईच्या चौपाटीवरून. कायद्याचें म्हणण्यासारखें एकच पुस्तक आमच्या घरीं आहे, आणि तें म्हणजे मोशेचें नियमशास्त्र. असें असतांहि आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीनें इंग्लंडांतील विद्यापीठांत कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठीं दोनदां जे अर्ज केले, ते दोन्ही वेळां माझ्या टेबलावरून गेले. त्यांतील स्वल्पविरामावरूनहि आम्ही वाद घातला आहे. ती जाऊन परत आल्यापासून अनेक पालक मला वाटेंत थांबवून विचारतात, “सर, तिनें हें जमविलें तरी कसें?” तोंडीं सांगून मी थकलों, म्हणून लिहितों. मुलीचें नांव येथें येणार नाहीं. तशी तिची अट आहे.

२०२० सालच्या सप्टेंबरची गोष्ट. करोनाच्या साथीमुळें शाळा बंद होती आणि वर्गांत चिमण्यांनीं संसार मांडले होते. कायद्याच्या पांचव्या वर्षांत असलेली ही मुलगी तोंडाला पट्टी बांधून आमच्या ओसरीवर आली, आणि दोन पानें माझ्यापुढें ठेवून दूर जाऊन बसली. तेथील विद्यापीठें या अभ्यासक्रमासाठीं बहुधा स्वतंत्र प्रवेशपरीक्षा घेत नाहींत. उमेदवाराचे पूर्वीचे गुण, त्याला शिकविलेल्या प्राध्यापकांचीं पत्रें आणि त्यानें स्वतः लिहिलेलें निवेदन, यांवरूनच बहुतेक निर्णय होतो. तीं दोन पानें म्हणजे तें निवेदन होतें.

मी वाचूं लागलों. आरंभीं डोळ्यांवर पट्टी बांधलेली न्यायदेवता होती. तिच्या मागोमाग एका थोर पुरुषाचें वचन आलें. मग लेखिकेला बाळपणापासून अन्यायाची चीड होती, हें तीन निरनिराळ्या प्रकारांनीं सांगितलें होतें. शेवटीं ज्ञानाचा दिवा स्वदेशीं आणून अंधार दूर करण्याचा निर्धार होता. वाचतांना मला प्रथम समाधान वाटलें, आणि मग एकाएकीं लाज वाटली. कारण ही सारी रचना माझी होती! इयत्ता आठवींत मीच तिला शिकविलें होतें कीं निबंधाचा आरंभ सुवचनानें करावा आणि शेवट उदात्त विचारानें करावा. त्या वेळीं मीं तिला दहांपैकीं नऊ गुण दिले होते.

“यांत तूं कोठें आहेस?” मीं विचारलें.

“म्हणजे काय, सर?”

“हेंच निवेदन दुसऱ्या मुलीनें आपल्या नांवावर पाठविलें तर काय बिघडेल?”

ती कांहीं बोलली नाहीं. मीं दोन प्रश्न एका कागदावर लिहून दिले. कायद्यांतील नेमका कोणता प्रश्न तुला सोडवतां येत नाहीं? आणि तो सोडविण्यासाठीं इतक्या दूर जाण्याची गरज काय? ती गेली, आणि पंधरा दिवस आली नाहीं. माझी पत्नी म्हणाली, “तुम्ही मुलीला घाबरविलीत.”

मधल्या काळांत तिचे वडील मात्र येऊन गेले. ते एका दवाखान्यांत औषधें देण्याचें काम करतात. मनुष्य सरळ आहे. त्यांची शंका निराळीच होती. ऑक्सफर्ड येथील या अभ्यासक्रमाचें नांव ‘बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ’ असें आहे. “सर, पोरगी इथें कायद्याची बॅचलर होतेच आहे. मग एवढा पैसा ओतून पुन्हां बॅचलरच व्हायचें?” त्यांना समजावून सांगावें लागलें कीं नांव जुनें राहिलें आहे, पण दर्जा पदव्युत्तर आहे, आणि पहिली पदवी घेतल्यावांचून तेथें प्रवेश मिळत नाहीं. केंब्रिज, लंडन, एडिंबरो वगैरे ठिकाणीं याच पायरीच्या पदवीला एलएल. एम. म्हणतात. त्यांतील दोन ‘एल’ पाहून मुलांना नेहमीं गंमत वाटते, म्हणून जातां जातां सांगतों: लॅटिन भाषेंत अनेकवचनाच्या संक्षेपासाठीं अक्षर दोनदां लिहीत, तेव्हां ‘एलएल.’ म्हणजे एक कायदा नव्हे, अनेक कायदे. हे अभ्यासक्रम पूर्ण वेळ केल्यास वर्षाच्या आंत-बाहेर संपतात. मात्र ती पदवी मिळाली म्हणून इंग्लंडांत वकिली करतां येते, असा समज कोणीं करून घेऊं नये. त्यासाठीं तेथें वेगळ्या परीक्षा आहेत.

पंधरा दिवसांनीं मुलगी आली ती हातांत एक पिवळी पडलेली फाइल घेऊन. फाइल तिच्या आत्याची होती. आत्याबाई परिचारिका आहेत. आमच्या मंडळींतील अनेक मुलांना पहिली आंघोळ त्यांनींच घातलेली आहे. त्यांचे यजमान १९९१ सालीं नोकरीच्या शोधांत म्हणून गेले ते परत आले नाहींत. चार वर्षें वाट पाहून आत्याबाईंनीं वकील गांठला. तेव्हां त्यांना कळलें कीं ख्रिस्ती पत्नीला केवळ नवऱ्यानें टाकलें एवढ्यावरून घटस्फोट मिळत नाहीं.

हें असें कां होतें, तें मलाहि त्या फाइलीमुळेंच कळलें. आपल्याकडील ख्रिस्ती लोकांना लागू असलेला घटस्फोटाचा कायदा १८६९ सालचा. तो इंग्लंडांतील १८५७ च्या कायद्याच्या धर्तीवर केलेला. त्या इंग्रजी कायद्यानें पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला कीं मोकळें होतां येई. परंतु पत्नीला पतीचा नुसता व्यभिचार पुरत नसे. त्याच्या जोडीला क्रूरपणा, दोन वर्षांचा परित्याग किंवा तशीच आणखी एखादी गोष्ट सिद्ध करावी लागे. नुसता परित्यागहि पुरत नसे. इंग्लंडनें व्यभिचाराच्या बाबतींतील ही विषमता १९२३ सालीं काढून टाकली. आपल्याकडे मात्र १८६९ चें कलम तसेंच राहिलें, आणि तें बदललें २००१ सालीं. म्हणजे ज्या देशानें हा कायदा आपणांस दिला त्यानें तो टाकून दिल्यावर अठ्ठ्याहत्तर वर्षें आपण तो जपून ठेवला! शिवाय त्या काळीं जिल्हा न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूम उच्च न्यायालयानें कायम केल्यावांचून पक्का होत नसे. आत्याबाईंच्या वकिलानें सांगितलें कीं यजमान कोठें व कोणाबरोबर राहतात याचा पुरावा आणा. पुराव्यासाठीं मुंबईच्या चाळी धुंडाळणें त्यांना मानवलें नाहीं. अर्ज मागें घेतला गेला, फाइल पेटींत गेली. २००१ नंतर कायदा बदलला हें त्यांना कोणीं तरी सांगितलें तेव्हां त्या म्हणाल्या, “आतां कशाला?”

“सर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर हें,” मुलगी म्हणाली. “एका देशाचा कायदा दुसऱ्यानें उचलला, आणि पहिल्यानें चूक दुरुस्त केली, तर ती दुरुस्ती मागोमाग कां येत नाहीं? कोण अडवितें? न्यायालय, कायदेमंडळ, कीं आपली मंडळीच?”

मला आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या भरांत मीं दुसरी चूक केली. मीं तिला सांगितलें, आत्याबाईंची हकीकत सविस्तर लिही; ती रिकामी खोली, तें वाट पाहणें, ती पेटी. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलें पाहिजे. तिनें तसें लिहून आणलें, वाचून दाखविलें, आणि मग शांतपणें म्हणाली, “हें मी पाठविणार नाहीं. आत्याचें दुःख विकून मला जागा नको. शिवाय तिकडचे प्राध्यापक रडायला बसलेले नाहींत, सर. मला विचार करतां येतो कीं नाहीं एवढेंच ते पाहणार.” शिक्षकाला विद्यार्थ्याकडून पराभव हवा असतो असें जुनें लोक म्हणत, पण तो प्रत्यक्ष होतो तेव्हां घटकाभर बरें वाटत नाहीं, हें मी प्रामाणिकपणें कबूल करतों.

अखेर आत्याबाईंविषयीं एकच वाक्य राहिलें, तेंहि त्यांना विचारून. बाकी सारें निवेदन १८५७, १८६९, १९२३ आणि २००१ या चार सालांभोवतीं होतें. तिनें कॉलेजांत कोणता निबंध लिहिला, काय वाचलें, कोणत्या निकालपत्रांतील युक्तिवाद तिला पटला नाहीं, असें. दुसऱ्या प्रश्नावर आम्ही अधिक अडलों. त्या काळच्या पार्लमेंटांतील भाषणें आज घरबसल्या संगणकावर वाचतां येतात. मग जायचें कशाला? तिनें प्रत्येक विद्यापीठाची विषयपत्रिका काढून पाहिली, तौलनिक कौटुंबिक कायदा कोठें व कसा शिकवितात तें टिपून घेतलें, आणि त्याप्रमाणें प्रत्येक अर्जाचा शेवटचा परिच्छेद वेगळा लिहिला. पुस्तक वाचतां येतें, पण माझ्या वाचनाला खोडून काढणारें कोणी समोर नसतें, असें तिनें एका ठिकाणीं लिहिलें. त्या वाक्याला मीं हात लावला नाहीं.

प्राध्यापकांच्या पत्रांची कथा थोडक्यांत सांगतों, कारण ती आठवली कीं माझा तोल जातो. हीं पत्रें उमेदवारानें पाहावयाचीं नसतात; विद्यापीठ प्राध्यापकांना परस्पर विचारतें आणि ते परस्पर उत्तर देतात. एका वरिष्ठ गृहस्थांनीं तिला निरोप दिला, “तूंच लिहून आण, मी सही करतों.” ती तयार मजकूर मागण्यासाठीं माझ्याकडे आली. मीं नकार दिला. आपणच आपल्याविषयीं लिहून दुसऱ्याच्या तोंडीं घालणें याला दुसरें नांव आहे, आणि तें नांव सातवीच्या मुलालाहि ठाऊक आहे. मग तिला एका तरुण अधिव्याख्यात्याची आठवण झाली. अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेसाठीं त्यांनीं तिची तयारी करून घेतली होती. त्यांचें नांव मोठें नव्हतें, पण ते तिला ओळखीत होते. त्यांनीं आनंदानें होकार दिला. गुणपत्रकांच्या प्रमाणित प्रतींसाठीं तिला किती खेपा घालाव्या लागल्या तें सांगत नाहीं. साथीचे दिवस होते, कचेरींत माणसें थोडीं होतीं. पालकांनीं एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं कांहीं विद्यापीठांची मुदत डिसेंबरपासूनच संपूं लागते, तर कांहीं ठिकाणीं अर्ज येतील तशा जागा भरत जातात. तेव्हां कागद उन्हाळ्यांतच गोळा करावे. इंग्रजीची परीक्षाहि आधींच द्यावी. ऑक्सफर्डला कायद्यासाठीं नऊपैकीं साडेसात लागतात, आणि तो निकाल दोनच वर्षें चालतो.

त्याच हिवाळ्यांत एका संध्याकाळीं तिचा धीर सुटला. मीं तिला कॉर्नेलिया सोराबजी यांची गोष्ट सांगितली. या बाई १८६६ सालीं नाशिक येथें एका ख्रिस्ती कुटुंबांत जन्मल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत त्या पहिल्या आल्या. त्या गुणांवर विलायतेची सरकारी शिष्यवृत्ति मिळावयाची. पण ती स्त्रीला देतां येत नाहीं असें ठरलें. तेव्हां इंग्लंडांतील कांहीं हितचिंतकांनीं पैसा जमविला, आणि १८८९ सालीं त्या ऑक्सफर्डला सोमरव्हिल येथें दाखल झाल्या. १८९२ सालीं त्यांनीं हीच ‘बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ’ची परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यासाठीं विद्यापीठाला खास परवानगी द्यावी लागली. परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण पदवी नाहीं, कारण स्त्रियांना पदवी देण्याचा नियमच नव्हता. तो १९२० सालीं झाला आणि बाईंच्या हातांत पदवी पडली ती १९२२ सालीं, तीस वर्षांनीं.

“तीस वर्षें!” मुलगी म्हणाली. “सर, ही गोष्ट धीर देणारी आहे कीं घालविणारी?”

मला उत्तर सुचलें नाहीं. पण ती हंसली आणि कामाला लागली.

१९२१ नव्हे, २०२१ च्या वसंतांत उत्तरें आलीं. ऑक्सफर्डचा नकार आला, दोन ओळींचा आणि सभ्य. आणखी एका ठिकाणाहून कांहींच आलें नाहीं. लंडन विद्यापीठाच्या एका कॉलेजानें मात्र जागा देऊं केली; पैसा देऊं केला नाहीं. शिक्षणाची फीच आपल्या पैशांत तीस लाखांच्या आसपास जात होती, राहण्याचा खर्च वेगळा. राज्य सरकारची राजर्षि शाहू महाराज यांच्या नांवाची परदेश शिष्यवृत्ति अनुसूचित जाति व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीं आहे. आमच्या मुलीला ती लागू नव्हती. ज्यांस लागू असेल त्यांनीं तिची अवश्य चौकशी करावी.

वडील पुन्हां माझ्या ओसरीवर आले. त्यांनीं सारें ठरवून टाकलें होतें. राहतें घर गहाण टाकावयाचें, पतसंस्थेचें कर्ज काढावयाचें, बहिणीची भविष्यनिर्वाह निधीची रक्कम घ्यावयाची. तेथें जाण्याच्या परवान्यासाठीं पैसा खात्यावर सलग अठ्ठावीस दिवस दाखवावा लागतो, एक दिवसहि कमी चालत नाहीं. त्याचें गणित त्यांनीं डायरीच्या मागील पानावर मांडलें होतें. मला म्हणाले, “सर, तुम्ही फक्त हो म्हणा.”

मीं हो म्हटलें नाहीं. धाकटा मुलगा बारावींत होता. घर गेलें असतें तर त्याचें काय? परत आल्यावर जिल्हा न्यायालयांत नव्या वकिलाला पहिलीं वर्षें काय मिळतें हें सर्वांना ठाऊक आहे. मीं त्यांना सांगितलें कीं डॉक्टर आंबेडकरांनाहि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ सालीं लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावें लागलें. ते १९२० सालीं पुन्हां गेले, आणि बॅरिस्टरी व डी. एस्सी. दोन्ही त्यांनीं पुढें पुरीं केलीं. वडील उठून उभे राहिले. “ते बाबासाहेब होते, सर,” एवढेंच म्हणाले आणि चपला घालून चालूं लागले.

जागा सोडून द्यावी लागली. मुलगी जवळजवळ सहा महिने माझ्याकडे आली नाहीं. उपासनेच्या दिवशीं दिसे, मान हालवी, निघून जाई. मी बरोबर वागलों कीं नाहीं हें मला त्या वेळीं ठाऊक नव्हतें. पुढें गोष्ट जुळून आली म्हणून आज सारे माझें शहाणपण वाखाणतात. ती जुळली नसती, तर मीच तिची वाट अडविली असें म्हणाले असते, आणि मला तें नाकारतां आलें नसतें.

तिनें जिल्हा न्यायालयांत एका वकिलीणबाईंच्या हाताखालीं काम धरलें. पोटगीचीं प्रकरणें, दत्तकाचीं प्रकरणें, तारखांवर तारखा. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग नांवाची एक शिष्यवृत्ति आहे. ती एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा सारा खर्च उचलते. मात्र उमेदवाराला दोन वर्षांचा कामाचा अनुभव पाहिजे, आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षें तरी मायदेशीं परत येऊन राहिलें पाहिजे. अनुभव तासांत मोजतात, दोन हजार आठशें तास. २०२३ च्या पावसाळ्यांत ती तासांची वही घेऊन माझ्याकडे आली, जणूं मधलीं दोन वर्षें घडलींच नव्हतीं. एकदां चुकून घड्याळाप्रमाणें जेवणाची सुट्टी वजा करावयाची राहिली म्हणून तिनें सारी बेरीज पुन्हां केली.

या वेळचें निवेदन मीं फक्त वाचलें. त्यांत दुरुस्त करण्यासारखें मला थोडेंच सांपडलें. पहिल्या निवेदनांत कलमें होतीं. या निवेदनांत तींच कलमें न्यायालयाच्या बाकावर बसलेल्या बायकांसह होतीं, आणि तरी एकीचेंहि अश्रू त्यांत नव्हते. मुलाखत २०२४ च्या वसंतांत झाली, जूनमध्यें शिष्यवृत्तीची बातमी आली. मग परवाना, क्षयरोग नसल्याची तपासणी, लोकरीचे कपडे. मुंबईच्या विमानतळावर वडिलांनीं माझ्या हातांत पेढ्यांचा पुडा दिला. २०२१ च्या त्या संध्याकाळीविषयीं आम्ही दोघेहि बोललों नाहीं.

ती वर्षभरानें परत आली, आणि पुन्हां त्याच न्यायालयांत जाते. आल्यावर पहिल्या रविवारीं ती आत्याबाईंच्या घरीं गेली, मीहि होतों. आत्याबाईंनीं चहा दिला आणि विचारलें, “मग, कळलें का तिकडे, त्यांनीं तसा कायदा कां केला होता तो?”

“कळलें,” ती म्हणाली. “मोठमोठ्या लॉर्डांचीं भाषणें आहेत. त्यांना भीति होती कीं बायकोच्या चुकीमुळें परक्याचें मूल इस्टेटीचें वारस होईल. नवऱ्याच्या चुकीनें इस्टेटीला धक्का नाहीं, म्हणून ती चूक लहान.”

आत्याबाई थोडा वेळ बशींतील चहाकडे पाहात राहिल्या.

“इस्टेट?” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे दोन पितळी हंडे होते.”

मग त्यांनीं उठून पेटींतील ती फाइल काढली, आणि भाचीच्या हातांत देऊन म्हणाल्या कीं आतां ही तुझ्याकडेच राहूं दे.